गयामावशी, ते तुमच्या लक्षात आलं होतं

गयामावशी,

तुमच्या जलदानविधीला विहारासमोरच्या मांडवात तुमच्या सुनेनं, सुजातानं माझं नाव पुकारलं. "आत्याच्या शेतात ज्यांनी प्रयोग केला, त्या मॅडम दोन शब्द बोलतील." मी उठले, माइक हातात घेतला. समोर निम्मं गाव बसलेलं, बाजूला पांढऱ्या कापडावर तुमचा फोटो. मी म्हणाले, मावशी फार कष्टाळू होत्या, फार मायाळू होत्या, त्यांच्या हातची ज्वारीची भाकरी मी कधी विसरणार नाही. आणि खाली बसले.

जे बोलायला हवं होतं ते जिभेवर आलेलं होतं. मी ते परत गिळलं. हे मी दुसऱ्यांदा केलं. पहिल्यांदा केलं तेव्हा तुम्ही समोर बसलेल्या होतात. या वेळी नव्हतात, तरीही केलं. म्हणून आता लिहितेय. लिहिताना कुणी समोर नसतं, एवढंच धैर्य मला जमतं असं दिसतंय.

मी पहिल्यांदा तुमच्या शेतात आले ती ऑक्टोबरमधली दुपार होती. पीएचडीसाठी मला हरभऱ्याचं रान हवं होतं, आणि माझ्या मार्गदर्शक सरांच्या ओळखीतून तुमचं नाव कळलं होतं. माकणीच्या अलीकडं, धरणाच्या पाण्यापासून जरा वर, दोन एकर काळी जमीन. नवरा जाऊन वर्षं झालेली, मुलगा लोहाऱ्याला शाळेत शिपाई, शेती तुम्ही आणि सुजातानं ओढलेली. मी धाराशिव शहरात वाढलेली. शेती पुस्तकात शिकलेली. तुम्ही मला वरपासून खालपर्यंत बघितलंत आणि विचारलंत, "ह्या चपला घालून ढेकळात चालणार व्हय?"

माझं काम सांगायला सोपं होतं. दर आठ दिवसांनी दहा झाडं मुळासकट काढायची, मुळं धुवायची, त्यांवरच्या गाठी मोजायच्या आणि ब्लेडनं कापून आतला रंग बघायचा. त्या गाठींमध्ये जिवाणू राहतात. पानांत तयार झालेली साखर झाड त्यांना पाठवतं, आणि ते हवेतला नत्र धरून झाडाला देतात. गाठ आतून लाल असेल तर काम चालू. हिरवट झाली, तपकिरी पडली, की काम बंद. हे काम नेमकं कधी आणि कशामुळं बंद पडतं, तो माझा प्रश्न होता.

पहिली गाठ मी कापली तेव्हा तुम्ही शेजारी उकिडव्या बसला होतात.

"रगतावानी हाय की," तुम्ही म्हणालात.

मी पुस्तकातलं सगळं समजावून सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "खुरपताना दिसत्यात ह्या. म्या नखानं फोडून बगते. येका टायमाला लाल आस्त्यात, मग न्हाय." मी वहीत गाठींची संख्या लिहीत होते. तुमचं वाक्य लिहून घ्यावं असं मला वाटलं नाही.

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. पहिले दोन महिने मी तुमच्या घरचं पाणी प्यायले नाही. तुम्ही तांब्या पुढं करायच्यात आणि मी म्हणायचे, "बाटली आहे सोबत." पोट नाजूक आहे, बाहेरचं पाणी चालत नाही, असं स्वतःलाही सांगायचे. पण वाटेत रस्त्याकडेच्या टपरीवर मी पाणी प्यायचे, चहा प्यायचे, तिथं पोटाला काही होत नव्हतं. एकदा बाटली रिकामी होती आणि तुम्ही ते बघितलंत. तांब्या पुढं केला नाहीत. फक्त म्हणालात, "तान लागली तर सांगा ताई." मग मीच मागितलं. त्या दिवसापासून प्यायला लागले. तुम्ही त्यावर कधी काही बोलला नाहीत, आणि मी धरून चालले की तुमच्या ते लक्षातच आलं नसणार. नखानं गाठ फोडून आतला रंग बघणाऱ्या बाईच्या ते लक्षात आलं नसेल?

आपला वाद सुरू झाला तो डिसेंबरात. शेत फुलावर आलं होतं, घाटे धरायला लागले होते, आणि माझ्या वहीत लाल गाठी कमी कमी होत चालल्या होत्या. सरांचं म्हणणं होतं की ओल कमी झाली म्हणून गाठी मरतात. काळी जमीन, पाणी नाही, भेगा पडायला लागल्या की झालं. माझं म्हणणंही तेच, कारण सरांचं ते होतं.

तुम्ही म्हणालात, "ओलीचं न्हाय ते. फुलाचं हाय."

"कशावरून?"

तुम्ही मला बांधाकडं नेलंत. बांधालगतच्या दोन ओळींचे कोवळे शेंडे तुम्ही भाजीसाठी महिनाभर खुडत होतात. त्या ओळींना फुटवे भरपूर होते, पण फुलं उशिरा लागली होती, नुसत्या कळ्या दिसत होत्या. तुम्ही एक झाड उपटलंत, माती झटकलीत, गाठ नखानं फोडून माझ्यासमोर धरलीत. लालभडक.

"आता शेजारची बगा." शेजारची ओळ फुलानं भरलेली. गाठ आतून हिरवी पडलेली. "हात दोन हाताचं अंतर हाय. ओल काय हितं येगळी अन् तितं येगळी आसती व्हय?"

मी हसले. "मावशी, दोन ओळींवरून असं काही ठरवता येत नाही."

"मग धा वळीवरनं ठरवा की."

"शास्त्र असं नसतं."

"घरी पावना आला की पयली भाकर त्येच्या ताटात जाती," तुम्ही म्हणालात. "मागं चुलीपाशी बसलेलीला कोन इचारतंय? फूल म्हंजी पावनाच की झाडाचा. मुळीला मग कायबी ऱ्हात न्हाय."

मी तेव्हाही हसलेच. पण त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. तुमचं बोलणं पटलं म्हणून नव्हे. ते खरं निघालं तर सरांना काय सांगायचं, या धास्तीनं.

पुढच्या आठवड्यात मी आले तेव्हा माझ्या मुख्य प्लॉटमधल्या एका अख्ख्या ओळीला फूलच नव्हतं. तुम्ही पदराची झोळी करून उभ्या होतात, आणि झोळीत हरभऱ्याची जांभळट फुलं, कोवळे घाटे. चार दिवस तुम्ही ती ओळ एकटीनं खुडत होतात. मला दाखवायचं होतं तुम्हाला.

मी ओरडले. सुजाता होती, खुरपायला आलेल्या दोघी होत्या, शेजारच्या बांधावर माणसं होती. "हा प्रयोग आहे मावशी! हा तुमचा भाजीचा वाफा नाही! तुम्हाला कुणी हात लावायला सांगितला? दोन महिन्यांचं काम आहे माझं, कळतं का तुम्हाला काही?" असलं बरंच काही. तुमच्या बोटांची टोकं हरभऱ्याच्या पानांवरच्या आंबट आंबेनं चिरलेली मला दिसत होती. तरी मी थांबले नाही.

"चुकलं ताई," तुम्ही म्हणालात. फुलं बांधावर ओतलीत आणि विळा घेऊन ज्वारीकडं निघून गेलात.

आठ दिवसांनी मी ती ओळ खणली. खणायची नव्हती खरं तर, ती मी वहीतून काढूनच टाकली होती. पण खणली. दहापैकी नऊ झाडांच्या गाठी आतून लाल होत्या. शेजारच्या ओळींत लाल गाठ शोधावी लागत होती. मी तिथंच मातीत बसले. तुम्ही लांबून बघत होतात. जवळ आलात, माझ्या तळहातावरच्या गाठी बघितल्यात, आणि "बगा, म्हणलं न्हवतं का" असं जे कुणीही म्हणालं असतं ते तुम्ही म्हणाला नाहीत.

"आता धा वळी करा," एवढंच म्हणालात.

पुढच्या हंगामात आपण दहा ओळी केल्या. शास्त्राला हव्यात तशा, चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या, रानभर विखुरलेल्या. तीन आठवडे एक दिवसाआड तुम्ही आणि सुजाता पहाटेचं दव उतरलं की फुलं खुडायला बसायच्यात. मी आठवड्यातून एकदा यायचे. त्या दहा ओळींना दाणा धरणार नव्हता. दोन एकरांवर घर चालवणाऱ्या बाईनं दहा ओळी रिकाम्या सोडल्या, आणि मी विचारलं तर म्हणालात, "रानडुकरानं खाल्लं म्हनायचं."

निकाल स्वच्छ आला. ओलीचाही वाटा होता, म्हणजे सर अगदीच चुकले नव्हते. पण ओल सारखी असताना फुलं खुडलेल्या झाडांच्या गाठी कितीतरी दिवस जास्त लाल राहिल्या. साखर वर ओढली गेली नाही, गाठी उपाशी राहिल्या नाहीत. मी तुम्हाला म्हणाले, "नेमकं सांगायचं तर फुलापेक्षा घाटे जास्त ओढतात." तुम्ही म्हणालात, "फूल म्हंजीच घाटा की. उद्याचा." त्यावर आपण बराच वेळ भांडलो. सुजाता हसत होती. माझ्या त्या सगळ्या वर्षांतला तो सगळ्यात चांगला दिवस असावा.

मग प्रबंध झाला. आभाराच्या पानावर मी लिहिलं, "ज्या शेतकऱ्यांनी प्रयोगासाठी जमीन उपलब्ध करून दिली त्यांची मी ऋणी आहे." शेतकऱ्यांसाठी मराठीत घडीपत्रिका काढली, तिच्यात लिहिलं, "फुलोऱ्यानंतर मुळांवरील गाठींचे कार्य मंदावते असे लक्षात आले." मराठी वाक्य किती सोयीचं असतं बघा. लक्षात आले. कुणाच्या, हे सांगावंच लागत नाही.

मी स्वतःला समजावलं की प्रबंधात असंच लिहायची पद्धत असते. खरं कारण वेगळं होतं. सर म्हणाले होते, "कल्पना छान सुचली तुला." आणि मी "थँक यू सर" म्हणाले होते. एकदा ते म्हटल्यावर मागं फिरणं अवघड होतं. एका अंगठा उठवणाऱ्या बाईनं सरांना चुकीचं ठरवलं, हे सांगायची मला लाज वाटली. ती बाई दुसऱ्या घरातली, दुसऱ्या आळीतली असती, तरी एवढीच लाज वाटली असती का? हा प्रश्न मी स्वतःला विचारते आणि उत्तराच्या आधीच थांबते. तुम्हाला लिहिताना तरी थांबू नये. बहुतेक नसती वाटली.

त्यानंतर धाराशिवचा शेतकरी मेळावा. मीच तुम्हाला बोलावलं होतं. तुम्ही सुजाताला घेऊन एसटीनं आलात, नवं निळं लुगडं नेसून, बायकांच्या तिसऱ्या रांगेत बसलात. मी स्टेजवर. पडद्यावर फोटो: खुडलेली ओळ, न खुडलेली ओळ, लाल गाठ, हिरवी गाठ. मी सांगितलं की फुलाच्या आधीचे चाळीस-पन्नास दिवस गाठींचे खरे कमाईचे दिवस, म्हणून बियाणाला जिवाणूंचं संवर्धन लावा, सुरुवातीला रान तुंबू देऊ नका, फुलात येताना जमलं तर एक हलकं पाणी द्या. लोक ऐकत होते. मग एक तरुण शेतकरी उठला.

"मॅडम, फुलं खुडून बघायचं हे तुम्हाला सुचलं कसं?"

मावशी, तेव्हा मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही माझ्याकडं बघत होतात. चेहरा किंचित पुढं, जशा गाठ बघताना झुकायच्यात तशा. आता आपलं नाव घेतील, म्हणून सुजाता तुमचा पदर सारखा करत होती. शेजारच्या खुर्चीवर सर बसले होते.

मी म्हणाले, "निरीक्षणातून. शास्त्रज्ञानं शेतात डोळे उघडे ठेवले की गोष्टी दिसतात."

टाळ्या झाल्या. तुम्हीही वाजवल्यात. नंतर मी तुमच्याकडं आले तेव्हा म्हणालात, "चांगलं बोललाव." मी चहा घ्या म्हणाले, तर म्हणालात गाडीचा टाइम झाला.

त्या टाळ्यांवर मी इतकी वर्षं काढली. त्यांना नावाचं काय, असं म्हणायचे मनाशी. टाळ्या वाजवल्या की त्यांनी. मोठ्या मनाची बाई.

पुढं मला गावोगावी शेतकऱ्यांना मार्गदर्शन करायची नोकरी लागली. तुमच्या गावाकडं येणं कमी झालं, मग बंदच झालं. फोन मात्र तुमचा यायचा, सुजाताच्या मोबाइलवरून. तुम्हाला आता तुरीचं पडलं होतं. "ताई, हरभऱ्याचं कळलं. पर तूर बगा, ती फूल धरती, ढग आले की गाळती, परत धरती. फूल गळल्यावर तिची मुळी परत जागी व्हती का? का येकदा बंद ते बंदच?" हा प्रश्न किती चांगला आहे हे मला पहिल्याच फोनला कळलं होतं. आजही त्याचं नेमकं उत्तर मला माहीत नाही. "येते मावशी, या हंगामात बघू आपण," मी म्हणायचे. तीन हंगाम म्हणाले. तुमच्यासमोर बसून परत गाठी फोडायच्या म्हणजे ते सगळं परत वर येणार, ही भीती होती. शेवटी तुम्ही तुरीचं विचारणं सोडलंत. नुसतं "बऱ्या हाव का?" विचारायच्यात.

यंदा पावसाळ्यात तुम्ही आजारी पडलात, दवाखान्यात होतात, हे मला कळलं ते तुम्ही गेल्यावर. सुजातानं सांगितलं, "तुमाला कळवू म्हणलं तर आत्याच नको म्हणल्या. त्यांच्या मागं कामं आस्त्यात म्हणल्या."

जलदानविधीचं जेवण उरकल्यावर मी सुजाताजवळ बसले. ती भांडी आवरत होती. मला कुणीतरी बरं वाटेल असं बोलायला हवं होतं. म्हणून मीच म्हणाले, "मावशींनी मेळाव्यातलं कधी मनाला लावून घेतलं नाही, नाही का?"

सुजातानं हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"कोन म्हणलं तुमाला?"

मी जवळची ताटं एकावर एक ठेवायला लागले.

"त्या दिवशी गाडीत खिडकीकडं तोंड करून बसल्या. गाव येईस्तवर येक शब्द न्हाय. घरी येऊन लुगडं बदललं अन् तशाच निजल्या, जेवल्या न्हाईत. म्या इचारलं, आत्या, तितंच उटून का न्हाय सांगितलं, म्या केलं म्हणून? तर म्हणल्या, आपन सांगून घ्यायचं आसतं का ते? तिनं सांगायचं आसतं."

"पण टाळ्या वाजवल्या त्यांनी..."

"समदे वाजवीत हुते ताई," सुजाता म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिनं पातेलं उचललं आणि घासायला लागली.

तिनं सांगायचं असतं. तुम्ही वाट बघत होतात, मावशी. ते सगळे फोन. तुरीचं विचारणारे, नुसतं बऱ्या हाव का विचारणारे. दर वेळी मला बोलायची जागा करून देत होतात, आणि मी हवापाण्यावर बोलून फोन ठेवत होते.

त्यानंतर आठ दिवसांनी तुमच्या गावात रब्बीची बैठक होती, बियाणाला संवर्धन कसं लावायचं ते दाखवायची. माझ्या जागी दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं. मी गेले. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये तीस-पस्तीस माणसं होती, मागं काही बायका, त्यांत सुजाता. मी पिशवी उघडायच्या आधीच बोलायला लागले, कारण उघडली असती तर परत टाळलं असतं. मी सांगितलं की फुलं खुडून गाठी बघायची गोष्ट मला सुचलेली नाही. ती गयाबाईंना सुचली. मी त्यांना हसले, सगळ्यांसमोर ओरडले, आणि खरं निघाल्यावर माझी म्हणून सांगितली. त्यांच्या देखत सांगितली. वाक्यं तुटत होती. पण सांगून झालं.

मग मागच्या भिंतीला टेकून बसलेले एक म्हातारे शेतकरी बोलले. तुमच्या बांधाला बांध असलेले.

"मॅडम, हे आमाला म्हाईत हाय. ती फुलं खुडत हुती तवा आमी बांधावरच हुताव. समद्या गावाला म्हाईत हाय. तुमी कवा म्हंताव, ते बगत हुताव."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी चांगलं केलं म्हणालं नाही. सुजातानं मान खाली घातली होती, तिच्या मनात काय होतं ते मला कळलं नाही. मग पुढं बसलेल्या एकानं घसा साफ केला आणि विचारलं, "दहा किलो बियाला संवर्धन किती लागतंय?" मी पिशवी उघडली आणि दाखवायला लागले.

माझं सांगून झालं, मावशी. सगळ्या गावानं ऐकलं. ज्यांनी ऐकायला हवं होतं त्या तुम्ही तेवढ्या नव्हतात.